आधी खुराडे, मग कोंबड्या



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कोंबडी काही नवी नाही. दोन-चार गावठी कोंबड्या दिवसभर अंगणात फिरतात आणि रात्री घरातच डालग्याखाली झाकल्या जातात. एवढ्या कोंबड्यांना ते पुरते. पण आता बचत गटाचे कर्ज घेऊन काही भगिनी एकदम दहा-वीस पक्षी आणू लागल्या आहेत, आणि इतके पक्षी डालग्यात मावत नाहीत. रविवारी उपासना संपली की मला प्रश्न येतो, "ताई, पिल्ले कुठे मिळतील?" मी उलट विचारते, "खुराडे झाले का?"

दहा कोंबड्या म्हणजे मुलांच्या वह्या, दवाखान्यात जायचे जीपभाडे आणि आलेल्या पाहुण्याचे जेवण. रानमांजर खुराड्यात शिरले तर ते खाते एखादीच. पण बंद जागेत फडफडणाऱ्या आणखी चार-पाच मारून टाकते. कर्जाचा हप्ता मात्र तसाच राहतो. म्हणून पहिला खर्च पिल्लांवर नको, खुराड्यावर करावा.

कोणापासून जपायचे?

दिवसाचे आणि रात्रीचे शत्रू वेगळे असतात. मुंगूस दिवसा येते. शिक्रा, घार आणि कावळा पिल्ले उचलतात. मोकाट कुत्री केव्हाही येतात. रात्री रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घूस आणि साप यांची भीती. घुशी व उंदीर अंडी आणि लहान पिल्ले नेतात, शिवाय त्यांच्या मागावर साप येतो. सांडलेले दाणे रात्री तसेच ठेवू नयेत, ते याचसाठी.

या प्राण्यांसाठी विष किंवा फासे लावू नका. मुंगूस, रानमांजर यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. विष तर आपलाच कुत्रा, आपलीच कोंबडी आणि कधी आपले मूलही खाऊ शकते. आपण फक्त त्यांची वाट बंद करायची.

रात्रीचे खुराडे

दहा कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्यासाठी पाच फूट लांब, चार फूट रुंद खुराडे पुरते. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी निवडा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली म्हणजे उन्हाळ्यात मोठ्या भिंतींवर ऊन कमी येते. घराची भिंत आणि झाडाची फांदी यांपासून तीन-चार फूट अंतर सोडा. फांदी टेकली की जनावराला रस्ता मिळतो.

खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर उभारा. प्रत्येक खांबाला तेलाच्या डब्याचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून ठोका. त्यावरून घुशीचे पाय घसरतात. चढायची शिडी रात्री काढून ठेवा, नाहीतर पत्र्याचा उपयोग नाही.

कारवीचा कूड शेणमातीने लिंपून भिंती चांगल्या होतात. पण वरचा एक फूट भाग दोन्ही लांब बाजूंनी जाळीचा ठेवा. कोंबडीच्या विष्ठेचा उग्र वास कोंडला की पक्ष्यांना श्वासाचे आजार होतात. सकाळी दार उघडल्यावर आपले डोळे चुरचुरले तर समजावे, हवा कमी पडते आहे. आपल्याकडच्या पावसासाठी छपराची वळचण दीड-दोन फूट पुढे काढा. पाऊस ज्या बाजूने झोडपतो तेवढीच बाजू गोणपाटाने झाका. छप्पर पत्र्याचे असेल तर उन्हाळ्यात त्यावर गवत किंवा पेंढा घाला.

आत बसायला दीड-दोन इंच जाडीच्या गोल काठ्या लांबीच्या दिशेने लावा. एका पक्ष्याला आठ-नऊ इंच जागा लागते, म्हणजे पाच फुटांच्या दोन काठ्या पुरतात. दोन्ही एकाच उंचीवर असू द्या, नाहीतर वरच्या जागेसाठी भांडणे होतात. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक, या हिशेबाने फूटभर लांब-रुंद खोके किंवा टोपल्या ठेवा. त्या काठीपेक्षा खाली असाव्यात. तळाला फटी न ठेवता फळ्या किंवा बांबू बसवून वर दोन-तीन इंच भाताचे तूस पसरा. ते अधूनमधून हलवा, ओले झालेले काढा. कुजवले की परसातल्या भाजीला उत्तम खत होते.

जाळी, फट आणि कडी

दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळणारी पातळ, षटकोनी भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते. शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, उंदीर आणि साप भोकातून येतात. खुराड्याच्या झरोक्यांना अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश जाळी लावा. ती महाग असते, पण झरोक्यांपुरती थोडीच लागते.

मग एकदा दार लावून कोणाला तरी आत बसवा आणि उजेड कुठून दिसतो ते बघायला सांगा. झरोके सोडून जिथे बोट जाईल अशी प्रत्येक फट बुजवा. दाराला नुसता आकडा नको. कडी लावून तिच्यात खुंटी किंवा खिळा अडकवा.

दिवसाचे आवार

कोंबड्या मोकळ्या फिरल्या तर किडे, गवत खातात आणि दाण्याचा खर्च वाचतो. तरी पिल्ले लहान असताना, किंवा शेतात पेरणी झालेली असताना, आवार हवे. पक्ष्यामागे दहा चौरस फूट धरा; दहा-अकरा पक्ष्यांना दहा फूट बाय अकरा फूट. खांब बांबूचे, उंची सहा फूट. इथे साधी कोंबडी जाळी चालते, पण खालचे दोन फूट मजबूत जाळी किंवा बांबूचा दाट कूड करा.

जनावर बहुधा कुंपणाच्या पायथ्याशी उकरते. आपल्या कातळ जमिनीत खोल चर खणणे कठीण. म्हणून जाळीचा फूट-दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून वर दगड रचा. वरून मासेमारीचे जुने जाळे ताणले की घार आणि शिक्रा अडतात. एका कोपऱ्यात सावली, पाणी आणि राख मिसळलेली कोरडी माती ठेवा. तिच्यात लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा झाडतात. हे आवार दिवसापुरतेच. रात्री पक्षी खुराड्यातच हवेत.

पक्षी आणल्यावर

मोठे पक्षी आणले तर पहिले पाच-सात दिवस खुराड्यात आणि आवारातच ठेवा. घर ओळखीचे झाले की दिवेलागणीला ते आपणहून परततात. अगदी लहान पिल्ले आणली तर पहिले तीन-चार आठवडे त्यांना ऊब लागते. खुडूक कोंबडी किंवा दिव्याची सोय आधी करा.

खुराडे मानमोडीला अडवत नाही. त्यासाठी लसच हवी. तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांचे डोस असतात आणि कालवलेली लस थोड्याच तासांत संपवावी लागते. म्हणून साऱ्या पाड्याने एकच दिवस ठरवावा. पहाटे दार उघडण्याआधी पक्षी हाताशी असतात, तेव्हाच लस देऊन घ्यावी.

राहिली रोजची सवय. दिवे लागले की पक्षी मोजायचे, दाणे झाडायचे, अंडी काढायची, शिडी उचलायची, कडीत खुंटी घालायची. पाच मिनिटांचे काम आहे, पण घरात ते कोणी करायचे हे ठरलेले असावे. सगळ्यांचे म्हणून सोडलेले दार एखाद्या रात्री उघडेच राहते.

बांबू आणि कारवी आपल्याजवळ आहे. विकत आणायची ती थोडी जाळी, खिळे आणि कडी. गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज भरताना या तीन वस्तू पिल्लांच्या वर लिहा.