कोवळा दाणा, पक्व दाणा आणि वसतिगृहाचे ताट

ज्वारीचा हुरडा असो वा मक्याचे दुधाळ कणीस, कोवळा दाणा गोड लागतो आणि पिकला की पिठूळ होतो, हे आपणांस ठाऊक आहे. पानांत तयार झालेली साखर दाण्यात उतरते आणि तेथील विकरे, म्हणजेच एन्झाइम, तिच्यापासून पिष्ट घडवितात. ही विकरे एकटी राबत नाहीत. काहींना मॅग्नेशियमसारखे खनिज लागते, काहींना सहविकर. श्वसनातून ऊर्जा मिळविण्यास लागणारा असाच एक सहविकर म्हणजे ‘एनएडी’. नायसिन हे जीवनसत्त्व त्याचा घटक असते.

मक्याच्या कोवळ्या दाण्यात बरेचसे नायसिन या सहविकराच्या रूपात असते व ते आपल्या शरीरास मिळते. दाणा पक्व होताना हा वाटा घटतो. उरलेले नायसिन बहुतांशी मोठ्या रेणूंशी बांधलेले असते. आतड्यांना ते सोडविता येत नाही. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत. त्याने ही गाठ सुटते. युरोपीयांनी मका नेला, ही रीत मात्र मागेच राहिली. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांत वल्कचर्म, अर्थात पेलाग्रा, पसरला. त्यात कातडी काळवंडते, अतिसार होतो, बुद्धिभ्रंश होतो, मृत्यूही ओढवतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात काही विद्वानांनी या रोगाचे खापर संसर्गावर, तर काहींनी चक्क आनुवंशिकतेवर फोडले. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना १९१४ साली अनाथालयांत दिसले की मुले आजारी पडतात, कर्मचारी पडत नाहीत. मुलांच्या ताटात दूध, अंडी, मांस येताच रोग ओसरला. १९१६ मध्ये त्यांनी रुग्णाचे रक्त स्वतःस टोचून घेतले; रोग झाला नाही. पुढे १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून नायसिनचा उलगडा झाला. आपल्या दख्खनमध्येही प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग आढळला. हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस ही कथा ओळखीची वाटते. ज्यास जन्माचा दोष ठरविले गेले, तो ताटातला अन्याय होता. आळवी नगरीत तथागतांनी भुकेल्या शेतकऱ्यास आधी जेवू घातले व मगच धम्म सांगितला, असे अट्ठकथेत आहे. वसतिगृहातील भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध, अंडे वाढले जाते, तेव्हा त्या दिवसाचा पहिला पाठ तेथेच सुरू झालेला असतो.