विश्लेषण : 'टोपोग्राफी' म्हणजे काय? घर घेण्यापूर्वी ती का पाहावी?

मध्य रेल्वेवर शहाड आणि टिटवाळा यांच्या मधले स्थानक म्हणजे आंबिवली. या परिसराच्या एका अंगाला उल्हास नदी, तर दुसऱ्या अंगाला काळू. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, तरी एका गल्लीत गुडघाभर पाणी साचते आणि शेजारची गल्ली कोरडी राहते. असे का, याचे निम्मे उत्तर 'टोपोग्राफी' या शब्दात आहे. उरलेले निम्मे नालेसफाईत!

शब्दाचा अर्थ काय?

ग्रीक भाषेत 'टोपोस' म्हणजे जागा आणि 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. मराठीत याला भूरचना किंवा भूपृष्ठरचना म्हणतात. जमिनीची उंची, उतार, टेकड्या, खोलगट भाग, नद्या-नाले यांची मांडणी म्हणजे टोपोग्राफी. 'टोपोलॉजी' हा शब्द वेगळा. ती गणिताची शाखा आहे.

नकाशावर उंची कशी कळते?

समोच्च रेषांवरून. समान उंचीची ठिकाणे जोडणारी ही रेषा. रेषा जवळजवळ असतील तर चढ तीव्र, दूर असतील तर जमीन सपाट. १७६७ मध्ये स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग असे स्थलनिर्देशक नकाशे तयार करतो. त्यांतील १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. त्यात दोन समोच्च रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. नदीकाठी मात्र दोन-तीन मीटरच्या फरकावर घरात पाणी शिरणार की नाही हे ठरते. म्हणून केवळ या नकाशावर विसंबून चालत नाही.

इथे पाऊस नसतानाही पाणी का वाढते?

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूरमार्गे कल्याणकडे येते. घाटात जोरदार पाऊस झाला की ते पाणी उतारावरून वेगाने सखल भागात उतरते. पुढे कल्याणला खाडी आहे. भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याचा निचरा मंदावतो आणि पाणी काठावर पसरते. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. हजाराहून अधिक प्रवाशांची तेव्हा सुटका करावी लागली.

घर घेताना काय तपासावे?

• जागा पूररेषेत येते का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी दाखवते.

• गूगल मॅप्समध्ये 'टेरेन' हा पर्याय निवडा. उताराचा ढोबळ अंदाज येतो.

• जमिनीवर भराव टाकला आहे का, ते पाहा. भरावामुळे एक भूखंड उंच होतो, पण तिथले पाणी शेजारच्या चाळीकडे वळते.

• २००५ आणि २०१९ मध्ये पाणी कुठवर आले होते, हे जुन्या रहिवाशांना विचारा.

हा शब्द आणखी कुठे वापरतात?

रस्ते, लोहमार्ग, धरणे आणि जलवाहिन्यांच्या आखणीत. डोळ्यांच्या दवाखान्यातही तो ऐकू येतो. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लॅसिक शस्त्रक्रियेपूर्वी 'कॉर्निअल टोपोग्राफी' करतात. त्यात बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या वक्रतेचा नकाशा काढला जातो. जमीन असो वा डोळा, पृष्ठभागाचे चढ-उतार मोजणे हाच या शब्दाचा गाभा.