भंगारातील मोटर आणि तिचे धारित्र

दोन टबांचे वॉशिंग मशीन भंगारात जाते ते बहुधा त्याचा पत्रा गंजला किंवा टब फुटला म्हणून. आतील मोटर पुष्कळदा शाबूत असते. तरीही तिच्या नशिबी तांब्याच्या वजनावर विकले जाणेच येते. कारण तिच्यातून बाहेर आलेल्या तीन तारांचा अर्थ कोणास लागत नाही, आणि तिचे धारित्र, म्हणजे बाजारात ज्याला कंडेन्सर म्हणतात ते, यंत्राच्या सांगाड्यातच राहून गेलेले असते. त्यावाचून दोन तारांना वीज दिली तर मोटर गुणगुणते, पण फिरत नाही. ‘जळाली’ असा निवाडा तेथल्या तेथे दिला जातो. तो अनेकदा चुकीचा असतो.

घरात येणारा विद्युत्प्रवाह एककला असतो. एकाच वेटोळ्यातून वाहताना त्याचे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी वाढते, ओसरते आणि उलटते. ते फिरत नाही, म्हणून थांबलेल्या मोटरीला कोणत्याच दिशेची ओढ लागत नाही. काटकोनात बसविलेल्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांच्या मागेपुढे असणारे दोन प्रवाह सोडले, तर मात्र क्षेत्र फिरू लागते. इटलीतील गालिलेओ फेरारिस यांनी १८८८ मध्ये हे तत्त्व प्रसिद्ध केले; त्याच वर्षी निकोला टेस्ला यांना अमेरिकेत त्यावरील एकस्वे मिळाली. दुसऱ्या वेटोळ्याच्या मार्गात धारित्र ठेवले की त्यातील प्रवाह पहिल्याच्या पुढे धावतो. धारित्राचे काम एवढेच. परंतु त्यावाचून सारे अडते.

तारांची ओळख रोध मोजून पटते. रंगांवर विसंबू नये. प्रत्येक कारखान्याची रीत निराळी. समजा, तीन जोड्यांचे रोध २०, ३५ आणि ५५ ओहम आले. ज्या जोडीत ५५ आले तिच्यात दोन्ही वेटोळी एकामागोमाग आहेत. म्हणून उरलेली तिसरी तार सामाईक होय. सामाईक तारेपासून २० ओहमवर मुख्य वेटोळे आणि ३५ ओहमवर साहाय्यक. कपडे धुणाऱ्या मोटरीत २५, २५ आणि ५० असेही आकडे मिळतात. ती दोन्ही दिशांनी फिरावयाची असते, म्हणून तिची वेटोळी सारखीच असतात. यानंतर तारा आणि लोखंडी कवच यांमधील निरोधन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावे. ते एक मेगओहमपेक्षा कमी भरल्यास मोटरीस वीज देऊ नये. येथे आळस केला तर किंमत जिवाने मोजावी लागते.

जोडणी सोपी आहे. विजेची एक तार सामाईकास, दुसरी मुख्य वेटोळ्यास. धारित्र मुख्य आणि साहाय्यक यांच्या मोकळ्या टोकांमध्ये. कवचास भूतार हवीच. वेटोळी सारखी असल्यास विजेची दुसरी तार धारित्राच्या एका टोकावरून दुसऱ्यावर नेली की मोटर उलटी फिरते. मात्र ती पूर्ण थांबल्यावरच हे करावे.

धारित्र किती मोठे? मोटरीवर आकडा असेल तर वाद संपला. नसेल तर अंदाज घ्यावा लागतो. छताच्या पंख्यास साधारण २.५ मायक्रोफॅरड लागतात, कपडे धुणाऱ्या मोटरीस १० च्या आसपास, पिळणाऱ्या मोटरीस त्याहून कमी. दहाचे न मिळाल्यास सहा आणि चारची दोन समांतर जोडावीत. त्यांची बेरीज होते. कमी पडले तर मोटर भारासह उठत नाही, एवढेच. जास्त झाले तर ती जोमाने उठते, आणि म्हणूनच फसगत होते. साहाय्यक वेटोळे मुकाट्याने तापत राहते. संशय असेल तेव्हा लहान धारित्रापासून आरंभ करावा आणि अर्धा तास चालवून, वीज काढून, कवचाची उष्णता पाहावी.

वीज २३० व्होल्टची असली तरी धारित्रावर त्याहून अधिक दाब येतो. यास्तव ४४० व्होल्ट प्रत्यावर्ती असे छापलेलेच घ्यावे. पाणी उपसणाऱ्या काही मोटरींतील काळे, आरंभापुरते असणारे धारित्र आकड्याने मोठे दिसते, पण ते काही सेकंदांसाठीच बनविलेले असते. कायम जोडले तर ते फुटते. जुने धारित्र काढताना दिव्याच्या होल्डरच्या दोन तारा त्याच्या टोकांना क्षणभर टेकवाव्यात. वीज काढल्यानंतरही त्यात धक्का देण्याइतका भार उरलेला असू शकतो.