चढणीच्या माशांना वाट हवी

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि हा माशांच्या विणीचा काळ असतो हे दुसरे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा लोटायच्या, ही कोळीवाड्यांची जुनी रीत. कायदा तिच्या मागून आला. याच दिवसांत सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या नद्यांतले मासेही अंडी घालायला निघतात. तिथे मात्र त्यांच्यावर सर्वांत मोठी धाड याच दिवसांत पडते. मिरगाचा पाऊस दणकून झाला आणि ओढे तांबडे होऊन वाहू लागले की रात्री शिवारात बॅटऱ्या फिरू लागतात. कुणाच्या खांद्यावर जाळे, कुणाच्या हातात बुट्टी, पोरांच्या हातात नुसत्या काठ्या. सगळे निघालेले असतात चढणीच्या माशांना.

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातले बिद्री बहुतेकांना साखर कारखान्यामुळे माहीत आहे. त्या सहकारी कारखान्याच्या नावात दोन नद्या आहेत, दूधगंगा आणि वेदगंगा. या भागातला ऊस या नद्यांच्या पाण्यावर उभा आहे, हे सांगायला नको. त्याच पाण्यात आणखी कोण राहते आणि आपण त्याच्याशी कसे वागतो, हे पाहावे असे मला वाटले.

दूधगंगा राधानगरी तालुक्यातल्या डोंगरात उगवते. काळम्मावाडीच्या धरणात तिचे सुमारे २५ टीएमसी पाणी अडते. तिथून ती बिद्रीच्या टापूतून, कागलच्या काळ्या रानांतून कर्नाटकात उतरते. भुदरगडातून आलेली वेदगंगा तिला मिळते आणि दोघी पुढे कृष्णेत जातात. उन्हाळ्यात मासे नदीतल्या डोहांत दबून असतात. पहिल्या पुराचे गार, गढूळ, ताजे पाणी आले की ते प्रवाहाच्या उलट सुटतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओघळीत आणि ओघळीतून पाण्याखाली गेलेल्या गवताळ पडात किंवा भाताच्या खाचरात. मुख्य नदीच्या लोंढ्यात अंडी टिकत नाहीत. उथळ, संथ, नव्याने बुडालेल्या जमिनीवर मात्र पिल्लांना लागणारे सूक्ष्म खाद्य लगेच तयार होते आणि गवतात आडोसाही मिळतो. रोहूसारख्या माशाची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. पाणी ओसरायच्या आत पिल्लांनी हातपाय पसरायचे आणि ओढ्याबरोबर परत नदीत उतरायचे, असा हा मोजक्या दिवसांचा व्यवहार आहे.

या व्यवहारात पुराला किती महत्त्व आहे ते तळ्यात मासे पाळणाऱ्यांना चांगले कळते. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात मोठे होतात, अंड्यांनी भरतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी टाकत नाहीत. म्हणून मत्स्यबीज मुख्यतः नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त माशांकडून अंडी मिळवली. पुराने जे घडते ते सुईने घडवले. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. धरणांत आणि तळ्यांत दरवर्षी सोडले जाणारे बीज याच धर्तीच्या तंत्राने तयार होते.

पण रोहू-कटला हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. कृष्णेच्या खोऱ्यातले अस्सल मासे वेगळे: खडस, कोळस, शिंगटी, वाम, मरळ. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या मासेमारांकडून ऐकलेली यांतली काही नावे त्याने शास्त्रीय नावांत घातली. यांतल्या खडस ऊर्फ महसीरसाठी लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने पन्नासेक वर्षांपूर्वी अंडी उबवण्याचे केंद्र उभे केले. बाकीच्यांची पुढची पिढी मुख्यतः ओढ्यातच तयार होते. ओढा हेच त्यांचे बीजकेंद्र. ते बंद पडले तर बाहेरून बीज आणून नदी भरता येणार नाही, ही या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट.

म्हणून चढणीचे मासे खाऊच नयेत काय? नदीकाठच्या एका वयस्क भोई मासेमाराजवळ मी बराच वेळ बसलो तो या प्रश्नासाठी. ते पागराचे फाटलेले आस विणत होते. पागर म्हणजे फेकायचे गोल जाळे, कडेला शिशाच्या मण्यांची माळ. आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, केवढा ठेवायचा ते बोटांवर मोजायचे. बोट सहज जाईल एवढा आस ठेवला की बारकी मासळी आपसूक सुटते.

"मामा, पहिल्या पुराला जाळं टाकत न्हाई काय?" मी विचारले.

"टाकतो की. पर निम्मा वढा मोकळा ठेवून."

त्या उत्तरात सगळा हिशेब आला. त्यांच्या रीतीत ओढ्याच्या एकाच अंगाला उभे राहायचे. दुसऱ्या अंगाने जाईल तो मासा त्याच्या नशिबाने गेला. हातात आलेल्या मादीच्या पोटातून गाभोळी नुसत्या स्पर्शाने गळत असेल, तर ती अंडी घालायच्या अगदी काठावर आहे असे समजून पाण्यात सोडायची. हे सांगताना त्यांच्या आवाजात उपदेश नव्हता. पुढच्या साली याच ओढ्याला यायचे असते, एवढेच त्यांचे म्हणणे. मला मात्र त्यात मोठे शहाणपण दिसले. एक किलोची रोहूची मादी दोन लाखांच्या वर अंडी देते. त्यांतली फारच थोडी पिल्ले मोठी होतात. म्हणून थोड्या माद्या जरी वर पोचल्या तरी नदी पुन्हा भरते, आणि एकही पोचली नाही तर त्या वर्षाची पिढीच जाते.

मरळीचा हिशेब आणखी नाजूक. ती लांबचा प्रवास करत नाही. काठाच्या वनस्पतींत जागा साफ करून अंडी घालते, आणि नर-मादी पिल्लांवर पहारा ठेवतात. तांबूस पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात बुडबुडे काढत हलतो आणि खाली आईबाप असतात. जाणकाराला तो थवा दिसला की मरळ कुठे आहे ते कळते. त्या वेळी मरळ मारली तर थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. एक मरळ घरी येते, शेकडो तिथेच संपतात.

माणसाने पुरातला मासा पूर्वीही खाल्ला, तरी मासा उरला, कारण साधने अपुरी होती. बांबूच्या कामट्यांचा सापळा ओढ्याच्या एका तोंडाशी बसे आणि पुराचा जोर वाढला की वाहूनही जाई. आता नायलॉनचे बारीक जाळे, कुठे कुठे तर मच्छरदाणीचे कापड, या काठापासून त्या काठापर्यंत बांधले जाते. बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून पाण्यात विजेचा झटका देतात. डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात, जिलेटिनच्या कांड्या फोडतात. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी ओढ्यावर तो कायदा पोचला आहे असे वाटत नाही.

विणीच्या वाटेवरचा मासा धरताना कुठे थांबायचे, हा प्रश्न जगात इतरांनाही पडला आहे. नॉर्वेजवळ वसंतात अंडी घालणाऱ्या हेरिंग माशाचे थवे अफाट होते. सोनार आणि यांत्रिक जाळी आली आणि १९६० च्या दशकाअखेर तो साठा कोसळला. मासेमारी आवरून तो परत उभा राहायला दोन दशके लागली. अलास्कातल्या सिटका भागात ट्लिंगिट लोकांची रीत याच्या अगदी उलट. ते हेमलॉक झाडाच्या फांद्या किनाऱ्याजवळ पाण्यात सोडतात, हेरिंग त्यांवर अंडी चिकटवतो, लोक फांद्या उचलून अंडी खातात आणि मासा जिवंत परत समुद्रात जातो. आपल्याकडेही श्रद्धेने राखलेले डोह आहेत. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत देवीच्या नावाने महसीर राखले आहेत.

बिद्रीच्या परिसरात मात्र माशाची वाट अडवणारी सर्वांत मोठी वस्तू जाळे नव्हे. ती आहे बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याची देणगी, आणि त्याच्या रचनेने मला खिळवून ठेवले. नदीपात्रात ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब. प्रत्येक दोन खांबांमधल्या गाळ्याला दोन्ही बाजूंनी उभ्या खाचा. पावसाळा संपला की त्या खाचांत एकावर एक बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे. पूर्वी ते लाकडी होते. दोन ओळींत बरगे लावून मधे माती ठासायची, म्हणजे गळती थांबे. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बरगे आले. पुढचे सात-आठ महिने नदी पायऱ्यापायऱ्यांनी उभी राहते आणि काठावरच्या मोटारी ऊस भिजवतात. पावसाळ्याआधी हेच बरगे माणसांनी एकेक करून उपसायचे. पूर आला की पाणी खांबांमधून आणि बंधाऱ्यावरूनही वाहते. धरणासारखी कायमची भिंत न बांधता नदी अडवायची आणि वेळ आली की तिला सोडून द्यायचे, ही कल्पना फार सुंदर आहे. दूधगंगेवर बाचणी, सिद्धनेर्ली, सुळकूड आणि वेदगंगेवर निळपण, वाघापूर, कुरणी ही नावे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात ती बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातम्यांत.

बरगे काढणे हे कष्टाचे काम आहे. गाळात रुतलेला, गंजलेला बरगा खाचेतून सरळ उठत नाही. एका कडेने उचलला की दुसरी कड अडकते. वर उभे राहून हुकाने आणि साखळीने तो समतोल राखत ओढावा लागतो आणि खालून पाण्याचा दाब चालूच असतो. हे करणारी माणसे हंगामी मजूर असतात. त्यांच्या हातून गाळा मोकळा झाला की पाण्याबरोबर माशांचीही वाट उघडते, हे त्यांच्या कामाच्या कागदावर कुठे लिहिलेले नसते. पण जाळ्यातून सुटलेल्या माशाला पुढे हाच गाळा लागतो.

अडचण इथून सुरू होते. बरगे कधी काढायचे? उसाला मे महिन्यात पाण्याची सर्वांत जास्त गरज. बरगे लवकर काढले आणि मिरग कोरडा गेला तर उभा ऊस वाळतो. म्हणून शेतकरी शेवटच्या दिवसापर्यंत पाणी धरून ठेवू पाहतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दुसरीकडे पाऊस आता तिथी पाळत नाही. २०२५ मध्ये मोसमी वारे २६ मेलाच मुंबईत पोचले होते. पाऊस असा आधी आला आणि बरगे खाचांतच राहिले तर नदीचा पहिला लोंढा त्यांच्यावर आदळतो. बंधारा पूर्ण बुडाला की मासा त्यावरून जाऊ शकतो. पण पहिले पाणी तेवढे नसते, आणि मासा पहिल्याच पाण्याला निघतो. तो बरग्यांच्या पायथ्याशी गोळा होतो आणि तिथे जाळे टाकणाऱ्याला दुसरे काहीच करावे लागत नाही.

वर धरणे आहेत. ती जून-जुलैचे पाणी आधी पोटात घेतात आणि भरत आल्यावर सोडतात. त्यामुळे खालच्या नदीला खरा मोठा पूर येतो तेव्हा विणीचा निम्मा हंगाम सरलेला असतो. उन्हाळाभर बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात गावांचे सांडपाणी आणि रानातून उतरलेली खते मुरतात. पहिल्या पावसात ते सगळे एकदम खाली जाते. शेजारच्या पंचगंगेत तेरवाडच्या बाजूला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांनी अनेकदा वाचल्या आहेत. जिथे मासा अंडी घालायला चढे ती ओलसर पडे, त्या ओघळी सपाट होऊन उसाखाली गेल्या. आणि कामे वाटलेली: बरगे एका खात्याकडे, मासे दुसऱ्याकडे, प्रदूषण तिसऱ्याकडे. रात्री अकराला ओढ्यावर आडवे जाळे बांधले जाते तेव्हा यांतले कुणीच तिथे नसते.

तरी यातले काही आजही करता येण्यासारखे आहे, असे मला ठामपणे वाटते. सगळे बरगे एकदम काढायला कुणी तयार होणार नाही. पण रोहिणी नक्षत्र लागताच प्रत्येक बंधाऱ्याच्या खोल बाजूचे दोन गाळे मोकळे करायचे आणि बाकीचे पाऊस स्थिरावल्यावर, एवढे पाटबंधारे खाते आणि पाणीवापर करणारे शेतकरी मिळून ठरवू शकतात. पाण्याची पातळी उतरेल; ती किती उतरू द्यायची तेही त्यांनीच ठरवायचे. बंधाऱ्याच्या पायथ्याशी आणि ओढ्यांच्या तोंडाशी पहिल्या पुराचे काही दिवस जाळे टाकायचे नाही, आणि ओढा पूर्ण अडवायचा तर कधीच नाही, असा ठराव ग्रामसभा करू शकते. झटक्याची बॅटरी दिसली तर पोलिसांना कळवणे हे गावाचे काम. ज्यांचे पोट नदीवर आहे त्या भोई कुटुंबांना मासेमारीचा पहिला हक्क देऊन राखणही त्यांच्याकडेच सोपवली, तर नियम टिकेल. नियमाने त्यांनाच आधी बाहेर काढले तर तो एका हंगामातच मोडेल.

चढणीच्या माशाची गाभोळी कोल्हापूरच्या माणसाला प्रिय आहे आणि ती सोडा म्हणणे मला पटत नाही. निम्मी वाट मोकळी ठेवून, मोठ्या आसाच्या जाळ्याने, विष-झटक्याशिवाय धरलेला मासा ताटात यायला हरकत नाही. एरवीही पाणी ओसरल्यावर उतरणीला मासा मिळतोच. तो सडपातळ असतो, चव जरा कमी, पण तो आपले काम करून आलेला असतो. दूधगंगा आणि वेदगंगा यांनी या टापूला ऊस दिला, कारखाना दिला, घरे दिली. त्यांच्या पाण्यातल्या माशांना पावसाच्या तोंडावर थोडे दिवस दोन गाळे मोकळे ठेवणे हे कुणाच्या आवाक्याबाहेरचे नाही, आणि ते पुढच्या मिरगाआधीच सुरू व्हायला हवे.