मिठाची गोणी आणि पाठीचा कणा

साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल वर्षभरात पांढरी पडते, नळाच्या तोंडाशी खडूसारखा थर चढतो. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या मंडळींना ही लक्षणे सांगायला नकोत. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. शहराच्या कडेला बंगला बांधलेल्या अनेकांनी म्हणूनच सॉफ्टनर बसवून घेतला. यंत्र चांगले आहे, पण त्याला मीठ लागते आणि मीठ येते गोणीतून. गोणी २५ किलोची, नाही तर ५० किलोची.

बंगला बांधला तेव्हा घरधनी पंचेचाळिशीचे होते. आता ते सत्तरीत आहेत. मुले नोकरीनिमित्त दूर गेली आणि गोणी मात्र तेवढीच राहिली. फाटकापासून मागच्या पडवीपर्यंत ती कोणी न्यायची, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. पण उतारवयात कमरेत भरलेली एक उसण माणसाला महिनाभर अंथरुणाला खिळवू शकते.

आधी ओझ्याचे गणित पाहू. वाकून वजन उचलताना पाठीचा कणा तरफेसारखे काम करतो. टेकू म्हणजे कमरेचा मणका. पाठीचे स्नायू या टेकूच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढ घेतात. २५ किलोची गोणी मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरली, तर ती तोलायला स्नायूंना आठपट, म्हणजे सुमारे २०० किलोचा जोर लावावा लागतो. तीच गोणी अंगाशी, २० सेंटिमीटरवर धरली की हा जोर निम्म्यावर येतो. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेलेच नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही निरोगी कामगाराने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. आपली लहानात लहान गोणीही त्यापुढेच जाते.

वयाबरोबर हाडे विरळ होतात, स्नायू उतरतात आणि तोल सावरायला वेळ लागतो. ठिसूळ झालेला मणका नुसत्या वजन उचलण्यानेही दबू शकतो. पाळी गेलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक. श्वास रोखून जोर लावला की पोटातला दाब आणि रक्तदाब दोन्ही एकदम वाढतात. हर्निया किंवा हृदयविकार असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

बाजारातला हमाल बघा. पाठीवर पोते घेऊन तो झपाझप चालतो, पण जमिनीवरचे पोते तो एकटा वाकून उचलत नाही. दोघे जण ते त्याच्या पाठीवर चढवतात. रोज ओझे वाहणारा माणूस जे टाळतो, ते आपण सहा महिन्यांतून एकदा करायला जातो.

आता दुसरे गणित. यंत्राला खरोखर किती मीठ लागते? शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. घरात दोघे असतील तर २७० लिटर झाले. पाण्याची कठीणता ३०० धरली, तर दिवसाला साधारण पाव किलो मीठ पुरते. महिन्याला सात-आठ किलो. म्हणजे ५० किलोची गोणी सहा महिने चालेल. गरज पाव किलोची आहे. जड आहे ते फक्त बांधणीमुळे.

म्हणून पहिला उपाय, गोणी उचलूच नका. दुकानदाराकडून २५ किलोचीच मागवा आणि पोचवणाऱ्या माणसाला ती थेट यंत्राजवळ ठेवायला सांगा. त्याच्या हातावर चार पैसे जास्त ठेवले तरी ते डॉक्टरच्या फीपेक्षा स्वस्त पडतात. गोणी जमिनीवर नको, गुडघ्याच्या वर येईल अशा भक्कम लाकडी बाकावर ठेवून घ्या. तिथेच तोंड सोडा आणि प्लॅस्टिकच्या मगाने मीठ काढा. लिटरभराच्या मगात किलोच्या आसपास मीठ बसते. दूर न्यायचे असेल तर कडीचे दोन छोटे डबे घ्या, दोन्ही हातांत सारखे वजन राहील असे. वळताना कंबर पिळू नका, पावले वळवा.

टाकी भरलेली असली की निश्चिंती, असे पुष्कळांना वाटते. स्वयंचलित यंत्रात मीठ पाण्याच्या पातळीच्या थोडे वर दिसले की पुरते. एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळते, त्यापुढे कितीही ओतले तरी पाणी अधिक खारट होत नाही. उलट काठोकाठ भरलेल्या टाकीत, विशेषतः पावसाळी दमट हवेत, मिठाची साय धरते. वर कडक थर, खाली पोकळी, आणि यंत्राला मीठ मिळतच नाही. अशा वेळी लाकडी दांड्याने थर हलकेच फोडावा. आठवड्याला दोन मग घालणे पाठीला सोसते आणि यंत्रालाही मानवते.

दुसरा उपाय मीठ कमी लागेल असे करण्याचा. यंत्र बसवले तेव्हा घरात सहा माणसे असतील, तर त्याचे घड्याळ सहा माणसांच्या हिशेबाने लावलेले असते. आज घरात दोघेच असूनही ते ठरल्या दिवशी मीठ खात राहते. मेकॅनिकला बोलावून ते बदलून घ्या. पाण्याची कठीणता मोजण्याचा छोटा संच मिळतो. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात असे दोनदा मोजून पाहा. बागेचा नळ आणि संडासाची टाकी सॉफ्टनरच्या वाहिनीवर ठेवू नका. स्नान, गीझर आणि धुलाई यंत्र एवढ्यांनाच ते पाणी द्या.

स्वयंपाकघरातला नळही वेगळा असलेला बरा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. कठीणता ३०० असेल तर लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले असेल, तर पिण्याच्या पाण्याबद्दल त्यांना जरूर विचारा.

एवढी काळजी घेऊनही कधी कमरेत कळ आलीच, तर ती अंगावर काढू नका. उचलल्यानंतर अचानक उठलेली तीव्र वेदना दबलेल्या मणक्याची असू शकते. पाय बधिर होणे, पायातला जोर जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

‘आयुष्यभर मीच उचलत आलो’ असे अनेक ज्येष्ठ म्हणतात, आणि ते खरेही असते. शेजारच्या मुलाला हाक मारणे त्यांना कमीपणाचे वाटते. पण घर आपल्या हाताने चालवायचे असेल तर त्या हातांना आणि पाठीला जपावे लागते. गोणी दुसऱ्याने आणावी, मग आपण भरावा. एवढी वाटणी केली तर ऐंशीव्या वर्षीही घरचा सॉफ्टनर आपल्याच देखरेखीखाली राहील.