मागांच्या शहरातील पॉडकास्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पॉडकास्ट म्हणजे भागाभागांनी प्रसिद्ध होणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. त्याच्या फाइल इंटरनेटवरील साठवणसेवेवर, म्हणजे ‘होस्टिंग’वर, ठेवल्या जातात आणि त्यांची सतत अद्ययावत होणारी यादी, जिला ‘आरएसएस फीड’ म्हणतात, ती वाचून निरनिराळी ॲप नवा भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचवतात. जून 2005 मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये ही सोय दिल्यानंतर हे माध्यम झपाट्याने पसरले. भिवंडीसारख्या मागांच्या शहराला ते विशेष उपयोगी आहे, कारण मागावरचे कसब, 1857 नंतर उत्तर भारतातून येऊन स्थायिक झालेल्या मोमीन विणकर घराण्यांच्या आठवणी, तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांचे अनुभव आणि आसपासच्या गावांतील आगरी बोली यांचा बराचसा ठेवा आजही तोंडीच टिकून आहे. हा ठेवा ध्वनिमुद्रित करण्याचे प्रयत्न सदोष समजुतींमुळे वाया जाऊ नयेत, म्हणून त्या समजुती तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

सर्वांत रूढ समज असा की, महागडा मायक्रोफोन घेतला म्हणजे आवाज आपोआप स्वच्छ येतो. प्रत्यक्षात महागड्या मायक्रोफोनांपैकी अनेक ‘कंडेन्सर’ प्रकारचे, म्हणजे अतिशय संवेदनशील असतात आणि निःशब्द केलेल्या स्टुडिओत उत्तम चालणारे हे उपकरण गजबजलेल्या वस्तीत रस्त्यावरचा टेम्पो आणि शेजारचा कारखाना तितक्याच निष्ठेने टिपते. अशा ठिकाणी तुलनेने स्वस्त ‘डायनॅमिक’ मायक्रोफोन तोंडाजवळ धरणे अधिक श्रेयस्कर असते. अंतर निम्मे केले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, तर दूरवरच्या गोंगाटाची पातळी जवळपास तेवढीच राहते. म्हणून 40 सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन 10 सेंटिमीटरवर आणल्यास बोलणाऱ्याच्या बाजूने सुमारे 12 डेसिबलचा लाभ होतो, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्चावा लागत नाही.

याला जोडूनच दुसरा समज येतो: भिंतींना फोम लावला की बाहेरचा आवाज आत येत नाही. येथे ध्वनी शोषणे आणि ध्वनी अडवणे या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फोम, गाद्या, किंवा भिवंडीत कोठेही सहज आढळणारे कापडाचे रचलेले ताके खोलीच्या आतील प्रतिध्वनी शोषून घेतात, आणि त्या दृष्टीने कापडाने भरलेली एखादी खोली बऱ्याच कचेऱ्यांपेक्षा सरस ठरते. परंतु बाहेरचा ध्वनी अडवण्यासाठी जड भिंत, फटी नसलेले दार आणि मागापासूनचे अंतर यांना पर्याय नसतो. धोट्याच्या (शटलच्या) मागाचा दणका जमिनीतून आणि तुळयांतूनही प्रवास करतो, त्यामुळे मायक्रोफोनचा स्टँड मागखात्याला लागून असलेल्या भिंतीपासून दूर आणि जाड गादीवर ठेवावा लागतो.

राहिलेला गोंगाट संगणकावर काढून टाकता येईल, ही अपेक्षाही अर्धवटच खरी आहे. पंख्याची घरघर एकसारखी असल्याने ती बरीचशी वजा करता येते. मागाचा आवाज मात्र मिनिटाला शंभराहून अधिक वेळा बसणाऱ्या ठोक्यांचा बनलेला असून तो मानवी वाणीच्याच कंप्रतांवर पसरलेला असतो, त्यामुळे तो पुसताना शब्दांची व्यंजनेही झिजतात आणि बोलणे पाण्याखालून आल्यासारखे भासते. मुलाखत शांत जागी घ्यावी, मागाचा आवाज एक-दोन मिनिटे स्वतंत्र मुद्रित करावा आणि संपादनात तो हव्या त्या ठिकाणी हलकेच मिसळावा, हाच खात्रीचा मार्ग होय.

श्रोते काम करता करता ऐकतील, हे गृहीतकही या शहरात जपून वापरले पाहिजे. मालाच्या गाड्या चालवणारा चालक शहराजवळच्या माणकोलीच्या वाहतूक कोंडीत ऐकू शकतो. मागावरचा कामगार ऐकू शकत नाही, आणि त्याने ऐकूही नये. धोट्याच्या मागखात्यातील आवाज सहज 90 डेसिबलच्या वर जातो, आणि आठ तासांच्या पाळीसाठी भारतीय कारखाना नियमांची मर्यादाही 90 डेसिबलच आहे. या गोंगाटावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज चढवणे म्हणजे आधीच ताणलेल्या श्रवणशक्तीवर आणखी घाला घालणे होय.

गाण्याचे तीस सेकंद कोणालाही फुकट वापरता येतात, हा समज तर जवळपास लोककथेसारखा पसरला आहे. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सवलत नाही. कलम 52 मधील अपवाद टीका, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन अशा हेतूंशी बांधलेले आहेत, आणि प्रारंभीची धून म्हणून गाणे वाजवणे त्यांत बसत नाही. शिवाय एका गाण्यात अनेक हक्क गुंतलेले असतात: गीत आणि चाल यांवरील हक्क सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे. हळदीत गायले जाणारे पारंपरिक गीत सर्वांचे असले, तरी एखाद्या कंपनीने काढलेले त्याचे मुद्रण सर्वांचे नसते. गावातील गायिकेकडून तेच गीत नव्याने गाऊन घेणे हा उत्तम उपाय आहे, मात्र कायद्याने कलावंतालाही स्वतंत्र हक्क दिलेला असल्याने तिची लेखी संमती आणि योग्य मानधन दोन्ही आवश्यक ठरतात.

संमतीचा प्रश्न मुलाखतींत याहून नाजूक होतो. पाहुणा मायक्रोफोनसमोर बसला म्हणजे त्याने सर्व काही प्रसिद्ध करण्यास मान्यता दिली, असे मानले जाते, आणि नाव बदलले की तो सुरक्षित झाला, असेही. परंतु मोहल्ल्यात माणूस आवाजावरून ओळखू येतो. मजुरीविषयी किंवा मालकाविषयी बोललेला कामगार नाव वगळूनही उघडा पडू शकतो. म्हणून प्रसिद्धीपूर्वी त्याला संपादित भाग ऐकवणे, आणि आवश्यक तेथे त्याचे म्हणणे निवेदकाच्या आवाजात सांगणे, हे निर्मात्याचे कर्तव्य आहे. बदनामीचा कायदाही, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 च्या रूपाने, पॉडकास्टला लागू आहे. रेडिओप्रमाणे प्रसारणलहरींचा परवाना लागत नाही, याचा अर्थ कायदाच लागू नाही असा होत नाही.

डाउनलोडची संख्या म्हणजे श्रोत्यांची संख्या, हेही खरे नाही. ॲप भाग आपोआप उतरवून ठेवते आणि तो कधीच ऐकला जात नाही, असे वारंवार घडते. सप्टेंबर 2023 मधील आयफोनच्या आयओएस 17 या प्रणालीने ही आपोआप उतरवण्याची पद्धत बदलताच अनेक कार्यक्रमांचे आकडे घसरले. श्रोता कितव्या मिनिटाला थांबला, हे पाहणे अधिक उद्बोधक असते.

ॲपवर भाग दिसू लागला की तो कायमचा जतन झाला, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी गूगल पॉडकास्ट हे ॲप 2024 मध्ये बंद झाल्याचे लक्षात घ्यावे. ज्यांची फीड त्यांच्या स्वतःच्या ताब्यात होती, त्यांचे कार्यक्रम इतर ॲपवर चालू राहिले. जतनासाठी मात्र मूळ मुद्रणच हवे: प्रसारणासाठी केलेली 128 केबीपीएसची एमपी3 फाइल मिनिटाला सुमारे 1 मेगाबाइट जागा घेते, तर मूळ, न आक्रसलेले स्टीरिओ मुद्रण सुमारे 10. म्हणजे तासाभराच्या मुलाखतीच्या मूळ मुद्रणाला 600 मेगाबाइटच्या आसपास जागा लागते. वृद्ध विणकराचे बोलणे पुन्हा मिळणार नसल्याने हे मूळ मुद्रण, बोलणाऱ्याचे नाव, तारीख, मोहल्ला आणि संमतीपत्रासह, निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे.