एक्स्टेन्शन टाकताय? आधी हे बघा!

फर्स्ट इयरला प्रोग्रामिंग सुरू झालं की लॅपटॉपवर व्हीएस कोड येतो आणि त्याच्या पाठोपाठ सीनिअर्सची 'मस्ट हॅव' यादी. थीम, आयकॉन, फॉर्मॅटर, एआय असिस्टंट... एका बैठकीत पंधरा-वीस एक्स्टेन्शन्स पडतात. बहुतेक फुकट, एका क्लिकवर मिळणारी. मग हरकत काय? टाकायला हरकत नाहीच, पण आपण नेमकं काय टाकतोय ते माहीत हवं.

कंपायलर वेगळा!

मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये आणलेल्या या एडिटरमध्ये जावास्क्रिप्ट, एचटीएमएल, सीएसएसची सोय आधीपासून आहे. सी, पायथन, जावासाठी मात्र एक्स्टेन्शन लागतं. इथेच पहिला घोळ होतो. सी/सी++चं एक्स्टेन्शन शब्द सुचवतं, चुका दाखवतं, डीबगिंगला मदत करतं. पण त्यात कंपायलर नसतो. विंडोजवर जीसीसीसारखा कंपायलर वेगळा टाकून 'पाथ'मध्ये जोडावा लागतो. पायथनचंही तेच, मूळ पायथन आधी हवं. म्हणून प्रोग्राम 'रन' होत नसेल, तर तेच एक्स्टेन्शन तीनदा काढून-टाकून काही होणार नाही.

उलट काही गोष्टी एडिटरमध्ये आधीच असतात. कंसांच्या जोड्या रंगीत दिसाव्यात म्हणून पूर्वी वेगळं एक्स्टेन्शन घ्यावं लागायचं. २०२१पासून ती सोय आतच आहे. ऑटो सेव्ह, एमेट आणि गिटचंही तसंच. त्यामुळे आधी सेटिंग्जमध्ये शोधा, मग बाहेर.

चावी कुणाच्या हातात?

मोबाइलवरचं अ‍ॅप कॅमेरा किंवा लोकेशन वापरण्याआधी विचारतं. इथे तसं नाही. एडिटरला जे करता येतं, ते सगळं एक्स्टेन्शनला करता येतं: फाइल वाचणं, बदलणं, दुसरा प्रोग्राम चालवणं, इंटरनेटवर माहिती पाठवणं. तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एपीआय की किंवा डेटाबेसचा पासवर्ड असेल, तर तोही त्याच्या आवाक्यात येतो. मार्केटप्लेसवर तपासणी होते, तरीही नावाजलेल्या एक्स्टेन्शनशी मिळतंजुळतं नाव घेऊन घातक कोड शिरल्याचे प्रकार घडले आहेत.

म्हणून 'इन्स्टॉल' दाबण्याआधी दोन मिनिटं काढा. पब्लिशर कोण, शेवटचं अपडेट कधीचं, सोर्स कोड उघड आहे का, हे बघा. नावापुढची निळी खूण पब्लिशरची वेबसाइट त्याचीच असल्याचं सांगते. कोड चांगला असल्याची ती हमी नव्हे. नुसत्या डाउनलोडच्या आकड्यावरही जाऊ नका. ग्रुपवर कुणी पाठवलेली 'व्हीएसआयएक्स' फाइल तर टाळाच. अनोळखी प्रोजेक्ट उघडताना 'या फोल्डरवर विश्वास आहे का?' असं एडिटर विचारतो, तेव्हा डोळे झाकून 'हो' म्हणू नका.

गर्दी हटवा

एडिटर रखडतोय? कमांड पॅलेटमध्ये 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' निवडा. सुरू व्हायला कोण किती वेळ खातंय ते दिसेल. एखादं एक्स्टेन्शन गडबड करतंय, पण कोणतं ते कळत नसेल, तर 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' वापरा. ते निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून 'अजून त्रास आहे का?' असं विचारतं आणि निम्म्या-निम्म्याने यादी कमी करत जातं. बायनरी सर्चच! सोळा एक्स्टेन्शन्स असली, तरी चार-पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो.

वेब आणि पायथनसाठी वेगळी 'प्रोफाइल्स' करा, म्हणजे एकाची गर्दी दुसऱ्यात येत नाही. ग्रुप प्रोजेक्ट असेल, तर सगळ्यांनी एकच फॉर्मॅटर ठरवा. नाहीतर प्रत्येक जण फाइल सेव्ह करणार आणि गिटमध्ये न केलेले बदल दिसत राहणार.

आणि हो, प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबच्या कम्प्युटरवर तुमची एक्स्टेन्शन्स असतीलच असं नाही. तेव्हा महिन्यातून एखादा प्रोग्राम ती सगळी बंद ठेवून लिहून बघा. कोणती खरंच लागतात आणि कोणती नुसती सवयीची झालीत, ते लगेच कळेल. मग न लागणारी त्याच दिवशी काढून टाका.